भिंतीतलं पाणी

आमच्या घरात पानशेतची गोष्ट १३ जुलैपासून सुरू होते. बाकीचं पुणं १२ जुलै १९६१ ची सांगतं. त्या सकाळी पानशेतचं, बांधकाम चालू असलेलं मातीचं धरण फुटलं, दुपारी खडकवासल्याचं १८७९ सालचं दगडी धरण गेलं, लकडी पूल पाण्याखाली गेला आणि नदीकाठच्या पेठांतली माणसं अंगावरच्या कपड्यांनिशी पर्वतीच्या वाटेला लागली. आत्या तेव्हा तेरा वर्षांची होती. तिला हे सगळं लख्ख आठवतं, पण सांगायला बसली की पळापळ दोन वाक्यांत आटोपते आणि म्हणते, "खरं काम दुसऱ्या दिवशी सुरू झालं गं."

काम म्हणजे वाडा वाळवणं. पुढे मी स्थापत्य अभियंता झाले, इमारतींतली ओल शोधणं आणि काढणं हाच व्यवसाय धरला, आणि मग जाणवलं की पुराच्या इतिहासातला हाच भाग फारसा कुठे लिहिलेला सापडत नाही. धरण का फुटलं यावर चौकशी आयोग बसला, पाणी कुठपर्यंत चढलं त्याच्या खुणा भिंतींवर कोरल्या गेल्या. ते पाणी हजारो भिंतींतून बाहेर कसं गेलं, हे मात्र ज्यांनी काढलं त्यांच्या तोंडीच राहिलं. म्हणून मी आत्याला विचारत राहिले, पुढे सांगलीच्या मामांना विचारलं, आणि जे मिळालं ते माझ्या कामाशी ताडून पाहिलं.

नारायण पेठेतला आमचा वाडा दुमजली, भाडेकरूंनी भरलेला. आजोबांकडे तळमजल्यावरचे दोन खण. जुन्या पुण्यातल्या वाड्यांची बांधणी असते तशीच त्याचीही: दगडी जोतं, जोत्यावर तळखडे, तळखड्यांवर सागाचे खांब, वर तुळया आणि कडीपाट. भार सगळा लाकडी सांगाड्यावर. खांबांमधल्या भिंती खाली भाजक्या विटांच्या, वर कच्च्या विटांच्या, त्यावर चुन्याचा गिलावा. १३ तारखेला घरात पाऊल टाकल्यावर आजोबांनी आधी भिंतीवरची पाण्याची रेघ पाहिली. भाजक्या विटा संपून कच्च्या जिथे सुरू होतात त्याच्या वीतभर खाली ती होती. "वाचलो," एवढंच ते म्हणाले. आत्याला कळेना वाचलो म्हणजे काय, घरात तर गुडघाभर गाळ होता.

भाजकी वीट पाणी पिते, पण विरघळत नाही. कच्ची वीट भिजली की पुन्हा माती होते. शेजारच्या वाड्यात रेघ वर गेली होती. तिथली भिंत पुरात टिकली आणि चार-पाच दिवसांनी, चांगलं ऊन पडल्यावर कोसळली. बाहेरून वाळत आलेली माती आकसते, तिला भेगा जातात, आतली अजून मऊ असते आणि भिंत आपल्याच वजनानं खाली बसते. सांगाडा तेवढा उभा राहिला. आत्या सांगते, त्या खांबांमधून पलीकडची गल्ली आरपार दिसायची. त्या वाड्यातली काही बिऱ्हाडं पुढे निसेन हटमध्ये राहायला गेली, ती अर्धगोल पत्र्याची घरं पुण्यातल्या जुन्या लोकांना अजून आठवतात.

आजोबांचा पहिला नियम होता, गाळ ओला आहे तोवर काढायचा. वाळला की तो फरशीला आणि भिंतीला धरतो, मग कुदळ लागते आणि कुदळीनं गिलावा निघतो. घमेली, सुपल्या, खराटे, पत्र्याचे तुकडे, जे हाताला येईल ते घेऊन सगळा वाडा लागला. पंचाईत पाण्याची होती. पुण्याला पाणी देणारं खडकवासलाच रिकामं झालेलं, त्यामुळे नळ कोरडे. पेशव्यांच्या काळात कात्रजहून आणलेलं पाणी ज्या हौदांत पडायचं, त्या हौदांवर आणि धडक्या राहिलेल्या विहिरींवर रांगा लागल्या. त्या मोलाच्या पाण्यातलं काही पाणी आजोबांनी भिंती धुवायला घेतलं, तेव्हा आजी चिडली. भिजलेली भिंत आणखी भिजवायची कशाला? पण गाळाचा पातळ थर भिंतीवर राहिला की तिची छिद्रं बुजतात आणि आतलं पाणी आतच राहतं. आज आम्हीही कामाच्या जागी पहिल्या दिवशी हेच करतो: गाळ काढा, स्वच्छ पाण्यानं धुवा, फुगलेल्या गाद्या, प्लायवूड, पुठ्ठे बाहेर फेका, आणि मगच वाळवण्याचं नाव काढा. जी वस्तू भिजलेली असते ती खोलीतल्या हवेला ओल पुरवत राहते. ती आत ठेवून लावलेलं यंत्र फुकट चालतं.

आजोबांना हे कुठून ठाऊक, याचं उत्तर त्यांच्या नोकरीत आहे. ते शनिवार पेठेतल्या एका छापखान्यात फोरमन होते, आणि छापखान्यातल्या माणसाइतकी हवेतली ओल दुसऱ्या कुणाला टोचत नाही. पावसाळ्यात कागद लांबी-रुंदीत वाढतो. दोन रंगांचं काम असेल तर आज छापलेला लाल आणि उद्या छापलेला निळा एकमेकांवर बसत नाहीत. आजोबा रीम हातात घेऊन, कोपरा अंगठ्यानं फडफडवून, त्याच्या आवाजावरून सांगायचे की हा कागद आज मशीनवर चढवायचा की नाही. पुरात तो छापखानाही बुडाला. शिशाचे खिळे धुऊन पुन्हा वापरात आले, शिसं गंजत नाही. ट्रेडल रॉकेलनं पुसून, तेल देऊन सुरू झाली. कागद मात्र बहुतेक गेला. रीम इतक्या फुगल्या होत्या की लाकडी मांडण्यांच्या फळ्या त्यांनी निखळवल्या होत्या.

मला यात एक धागा दिसतो. ज्या यंत्रानं आज आम्ही भिंती वाळवतो, त्याचा जन्मही छापखान्यातच झाला. १९०२ सालच्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या सॅकेट-विल्हेल्म्स या छापखान्याला हाच त्रास होता. दमट हवेनं कागद ताणला जायचा, रंग सरकायचे. विलिस कॅरिअर या पंचवीस वर्षांच्या अभियंत्यानं थंड नळ्यांवरून हवा फिरवून तिच्यातलं पाणी काढण्याची योजना आखली. खोली गार करणं हा त्यातला मुख्य हेतू नव्हता, कागदाला लागेल तेवढीच ओल हवेत ठेवायची होती. आपण ज्याला एसी म्हणतो त्याची सुरुवात या कामातून झाली. आजोबांनी कॅरिअरचं नाव ऐकलं असेल असं मला वाटत नाही. दोघांनी एकच गोष्ट कागदाकडून शिकली होती.

वाडा वाळवताना आजोबांनी कागदाचाच उपयोग केला. छापखान्यातल्या कोऱ्या न्यूजप्रिंटच्या, वर मांडणीत वाचलेल्या पट्ट्या कापून आणल्या आणि प्रत्येक भिंतीला खाली, मध्ये आणि वर, लाकडी चिपेनं टोचून ठेवल्या. रोज संध्याकाळी ते पट्टी काढून बोटांनी मुडपून बघत. मुडपताना आवाज न करता वाकली तर भिंत अजून पाणी सोडते आहे. कडक, कुरकुरीत वाजली तर तेवढ्या भागापुरतं काम झालं. आत्याकडे हे काम होतं: पट्टी काढायची, अण्णांना, म्हणजे आजोबांना, द्यायची, नवी लावायची. खालच्या पट्ट्या कितीतरी आठवडे वाजल्याच नाहीत, असं ती सांगते. श्रावण गेला, गणपती गेले, आणि त्या ओल्याच.

आता शेगड्यांची गोष्ट. वीज नव्हती, ऊन जुलैत मिळेल तेवढंच. आजोबांनी आजूबाजूच्या वाचलेल्या घरांतून लोखंडी शेगड्या गोळा केल्या आणि लाकडी कोळसा मिळवला. सकाळी खोलीच्या मध्यभागी शेगड्या पेटवायच्या, दारं-खिडक्या लोटून घ्यायच्या, पण दिंडीसारखी एक फट उघडी ठेवायची, आत कुणी थांबायचं नाही. तासा-दीड तासानं चौकाकडचं दार आणि रस्त्याकडची खिडकी एकदम उघडून सगळी हवा बाहेर सोडायची. पुन्हा बंद, पुन्हा शेगडी. समोरच्या बिऱ्हाडात मात्र रॉकेलचे स्टो लावले होते. तिथल्या भिंतींना घाम फुटायचा. "स्टो वाळवायला लावायचा नाही," असं अण्णांनी बजावलं होतं, का ते त्यांनी सांगितलं नाही आणि आत्यानं विचारलं नाही.

कारण रसायनशास्त्रात आहे. रॉकेलमध्ये हायड्रोजन असतो, तो जळला की पाणी होतं. एक लिटर रॉकेल जाळलं की साधारण लिटरभर पाणी वाफ होऊन त्याच खोलीत जातं. लाकडी कोळसा जवळपास निव्वळ कार्बन असल्यामुळे त्यातून पाण्याची वाफ अगदी थोडी निघते. म्हणून ओल काढायला शेगडी बरोबर आणि स्टो चूक. कोळशातून मात्र कार्बन मोनॉक्साइड निघतो, वास नसलेला, माणसाला झोपेतच मारणारा. त्या फटीवर आणि "आत कुणी थांबायचं नाही" या नियमावर आमच्या घरातल्या सगळ्यांचे जीव टांगलेले होते. आजही पुरानंतर कुणी बंद खोलीत कोळसा पेटवल्याचं किंवा जनरेटर घरातच चालवल्याचं ऐकलं की माझा जीव घाबरा होतो. बाकी कोणताही उपाय मी चालवून घेईन, हा नाही.

आजोबांच्या पद्धतीचा हिशेब मी एकदा मांडून पाहिला. भारतीय मानकाप्रमाणे साध्या चांगल्या विटेनं २४ तास बुडवून ठेवल्यावर आपल्या वजनाच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त पाणी पिऊ नये. तीन किलोची वीट म्हणजे अर्धा लिटरपर्यंत सहज. तीन मीटर लांब, तीन मीटर उंच आणि नऊ इंच जाड भिंतीत अशा हजारभर विटा असतात. पूर्ण भिजली तर एका भिंतीत पाचशे लिटरच्या घरात पाणी. आता खोलीतली हवा घ्या. ३० अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवा जास्तीत जास्त ३० ग्रॅम वाफ धरू शकते. तीन मीटर लांब, रुंद आणि उंच खोलीत २७ घनमीटर हवा असते, म्हणजे ती सगळी मिळूनही लिटरभर पाणी सामावून घेत नाही. भिंतीत पाचशे लिटर आणि हवेच्या हाती एक लिटरही नाही. पुन्हा पावसाळ्यातली बाहेरची हवा आधीच भरून आलेली. २५ अंशांची, ९० टक्के दमट हवा आत घेतली तर तिच्यात नवं पाणी घ्यायला जागा जवळजवळ नसतेच. तीच हवा शेगडीनं ३५ अंशांवर नेली की दर घनमीटरला आणखी १८-१९ ग्रॅम पाणी मावतं. म्हणजे एका खेपेला जास्तीत जास्त अर्धा लिटर. खोली अशी शेकडो वेळा भरायची आणि रिकामी करायची, तेव्हा एक भिंत वाळते. गणपतीपर्यंत पट्ट्या का वाजल्या नाहीत, ते या आकड्यांत आहे.

यंत्रं हाच हिशेब जलद करतात. गाळ निघाल्यावर आधी पंप, मग ओलं शोषणारा मोठा व्हॅक्यूम, कारण पाणी पाण्याच्या रूपात असताना उपसणं सगळ्यात स्वस्त असतं. त्याची वाफ करायची तर ३० अंशांच्या आसपास लिटरमागे पाऊण युनिटच्या जवळपास उष्णता लागते. मग पंखे. आमचे पंखे छताच्या पंख्यापेक्षा वेगळे, जमिनीवर बसणारे, गोगलगायीच्या आकाराचे. त्यांचं तोंड अरुंद असतं आणि त्यातून निघणारा झोत भिंतीला जवळजवळ घासून जातो. भिंतीला चिकटून दमट हवेचा एक पातळ थर असतो, तो हलला नाही तर शेजारची सगळी हवा कोरडी असूनही भिंत वाळत नाही. झोत त्या थराला खरवडून काढतो. पंखा भिंतीच्या समोर सरळ न ठेवता तिरपा, कोपऱ्याकडे तोंड करून ठेवायचा, म्हणजे वारा भिंतीच्या कडेनं खोलीभर फिरतो. नवीन मुलं कामाला आली की पहिल्यांदा हेच शिकवावं लागतं.

आणि पंख्यानं भिंतीतून ओढलेली वाफ उचलायला डीह्युमिडिफायर. त्याचे दोन प्रकार. एकात फ्रिजसारखी थंड नळी असते, दमट हवा तिच्यावरून गेली की पाणी ठिबकतं आणि कोरडी, जराशी कोमट हवा बाहेर येते. कोकणात, सांगलीत, जिथे हवा उष्ण आणि दमट, तिथे हा प्रकार उत्तम चालतो. मध्यम आकाराचं यंत्र अशा हवेत दिवसाला पन्नासेक लिटर पाणी सहज काढतं. दुसऱ्या प्रकारात बारीक नळ्यांचं एक चाक सावकाश फिरत असतं, त्या नळ्यांना सिलिका जेल लावलेलं. चाकाचा मोठा भाग खोलीतल्या हवेतली ओल शोषतो आणि उरलेल्या भागातून गरम हवा जाऊन ती ओल नळीवाटे घराबाहेर टाकते. थंड प्रदेशात, जिथे पहिल्या प्रकारच्या नळीवर बर्फ धरतो, तिथे हे चाकच कामाला येतं. या चाकाच्या विकासात स्वीडनच्या कार्ल मुंटर्स यांचा मोठा वाटा आहे. विद्यार्थी असताना, १९२२ साली, त्यांनी बाल्टझार फॉन प्लाटेन यांच्यासोबत मोटरीशिवाय नुसत्या उष्णतेवर चालणारा फ्रिज तयार केला होता. उष्णता देऊन गारवा मिळवणारा माणूसच पुढे उष्णता देऊन कोरडेपणा मिळवतो, यात मला एक सलग बुद्धी दिसते.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीला आयर्विन पुलापाशी कृष्णेनं ५७ फुटांची रेघ ओलांडली. तिथे धोक्याची पातळी ४५ फुटांची. मामांचं दुकान आणि वरचं घर मारुती चौकाच्या अंगाला, म्हणजे पाणी चढायला लागलं की पहिल्यांदा जिथे येतं तिथे. पाणी बरेच दिवस हललं नाही. मी यंत्रं घेऊन पोचले तेव्हा मामांनी दारं-खिडक्या सताड उघड्या टाकल्या होत्या आणि भिंतींना नुकतीच पुट्टी मारायला घेतली होती. रंगाच्या एका माणसानं त्यांना सांगितलं होतं की हा अमुक रंग ओल दाबून टाकतो.

"मामा, हे थांबवा," मी म्हटलं. "आतलं पाणी जाणार कुठून?"

"अगं, दुकान उघडायला नको? दसऱ्याला माल भरायचाय. वरनं कोरडी दिसतीय की भिंत."

मी मीटर लावला. दोन सुयांचा साधा मीटर, सुयांमधून वीज किती सहज जाते यावरून ओल सांगणारा. विटेत मुरलेले क्षारही त्याला फसवतात, म्हणून त्याचा आकडा नुसता बघायचा नसतो. त्याच दुकानातल्या न भिजलेल्या भिंतीचा आकडा घेऊन शेजारी ठेवायचा. वर, पाणी पोचलं नव्हतं तिथे काटा जेमतेम हलला. खाली तो टोकाला जाऊन टेकला. मामा वाकून बराच वेळ बघत राहिले. मग आतून छिन्नी आणि हातोडा घेऊन आले आणि पुट्टी स्वतःच खरवडायला लागले.

मामांच्या भिंतीचं दुखणं आजोबांच्या भिंतीपेक्षा अवघड होतं, हे मला तिथे नीट समजलं. वाड्याचा चुन्याचा गिलावा भिंतीला श्वास घेऊ देत होता. मामांकडे सिमेंटचा गिलावा, त्यावर ऑइलपेंट, खाली गुडघाभर टाईल. पाणी पुरात जोत्यातून, फटींतून आत गेलं आणि बाहेर यायला त्याला तोंडच नव्हतं. आम्ही खालच्या टाईल काढल्या, गिलावा पाण्याच्या रेघेच्या फूटभर वरपर्यंत पाडला, वीट उघडी केली. मग खिडक्या बंद करून यंत्र लावलं.

खिडक्या बंद केल्या तेव्हा मामा बिथरले. रात्री पुण्याहून आत्याचा फोन आला, तीही तेच बोलली. "कोंडून घर वाळतं का कधी? अण्णा तर सगळं उघडून टाकायचे."

मी तिला म्हटलं, "आत्या, अण्णा आधी बंदच करायचे ना? तापवायला. उघडायचे ते भरलेली हवा फेकून द्यायला. यंत्र ती हवा फेकत नाही, पिळून पुन्हा आत सोडतं. खिडकी उघडी राहिली तर ते सगळ्या सांगलीचा पाऊस वाळवत बसेल."

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "म्हणजे शेगडी आणि खिडकी एकाच डब्यात."

तिला समजलं. इतक्या नेमक्या शब्दांत मला ते कधी सांगता आलं नव्हतं.

पण पाऊस थांबून कोरडी हवा वाहायला लागली की खिडक्या उघडणंच बरं, हेही मी मामांना सांगितलं. ऑक्टोबरच्या उन्हात, दुपारी, बाहेरची हवा कोणत्याही यंत्रापेक्षा मोठं काम फुकट करते. यंत्र लागतं ते भर पावसाळ्यातल्या त्या आठवड्यांसाठी, जेव्हा बाहेरची हवाच ओली असते आणि बुरशीला एक-दोन दिवसही पुरतात.

वाळवताना बोलायला वेळ भरपूर मिळतो. मामांनी मला हरिपूरच्या पेवांची गोष्ट तिथेच सांगितली. सांगलीची हळद देशभर जाते, आणि ती वर्षानुवर्षं ठेवली जायची ती जवळच्या हरिपूरच्या जमिनीखालच्या पेवांमध्ये. तिथली माती अशी की खोल खड्डा खणून, आतून लिंपून हळद भरली आणि तोंड बंद केलं की शेजारी कृष्णा वाहत असतानाही आत दमट हवा शिरायची नाही, कीड लागायची नाही. मामांचे वडील पेव उघडायला जात, तेव्हा तोंड उघडून आधी काही तास तसंच सोडत, मग दिवा खाली सोडून बघत. दिवा विझला तर माणूस उतरवायचा नाही. "कोंडलेलीच हवा होती ती," मामा म्हणाले, "पण कोरडी. म्हणून हळद टिकायची." २००५ च्या महापुरानं ती पेवं बुडाली, भिंती ढासळल्या आणि पिढ्यान् पिढ्यांचा तो कोरडेपणा एका आठवड्यात गेला. त्यांतली बहुतेक पुन्हा उभी राहिली नाहीत. हरिपूरच्या मातीत काय होतं, ती हवा कशी अडवायची, यावर कुणीतरी नीट अभ्यास करायला हवा असं मला मनापासून वाटतं. जे कारागीर ती खणत आणि लिंपत, त्यांच्यातले जाणते आता थोडे उरले आहेत.

घाई कुठे करायची नाही, हेही जुन्यांकडूनच मिळतं. मामांच्या घरातला सागवानी दरवाजा फुगून चौकटीत अडकला होता. मामांच्या मुलानं हीट गन आणली होती. मामांनी ती हातातून काढून घेतली. लाकूड बाहेरून झपाट्यानं वाळलं की वरचा भाग आकसतो, आतला फुगलेलाच राहतो आणि फळी उभी चिरते. दरवाजा आडवा, सावलीत, खाली चार पट्ट्या देऊन ठेवला, यंत्राच्या झोतापासून लांब. दसरा होऊन गेल्यावर तो चौकटीत पूर्वीसारखा बसला. कागदाचंही तसंच. १८६४ साली सुरू झालेलं चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीच्या पाण्यात सापडलं, तेव्हा पुस्तकं उन्हात घालावीत का, असा प्रश्न अनेकांनी मला विचारला. उन्हात घातलेलं भिजकं पुस्तक वाकडं होतं, पानं एकमेकांना चिकटतात. थोडी पुस्तकं असतील तर पानांमध्ये कोरे कागद घालून, उभी करून, पंख्याच्या सौम्य वाऱ्यात वाळवावीत. खूप असतील आणि सोय असेल तर ती गोठवून ठेवावीत. गोठलेल्या पुस्तकात बुरशी वाढत नाही, आणि पुढे निर्वात कपाटात त्यातला बर्फ पाणी न होता थेट वाफ होऊन जातो. इटलीत फ्लॉरेन्सला ४ नोव्हेंबर १९६६ ला आर्नो नदी शहरात शिरली आणि तिथलं राष्ट्रीय ग्रंथालय बुडालं, तेव्हा ही सोय नव्हती. तिथल्या लोकांनी पुस्तकं गाड्यांत भरून तंबाखू वाळवायच्या भट्ट्यांमध्ये नेली. आपल्या भागात वाळवण्याची जी काही साधनं आहेत, ती संकटात दुसऱ्या कामाला लावता येतात हे सुचणं मला फार मोलाचं वाटतं. बेदाण्याची शेडं तासगावला शेकड्यानं आहेत, हवा खेळती, वर छप्पर. पुरानंतरच्या कागदपत्रांसाठी त्यांचा विचार करायला काय हरकत आहे?

मामांच्या भिंतींवर यंत्रं बंद केल्यानंतरही पांढरी पूड येत राहिली. हा लोणा. विटेतले आणि पुराच्या पाण्यातले क्षार पाण्याबरोबर पृष्ठभागावर येतात, पाणी उडून जातं, क्षारांचे स्फटिक राहतात आणि गिलावा आतून फोडतात. त्यावर पाणी मारून धुतलं तर क्षार विरघळून पुन्हा आत जातात. म्हणून कोरड्या ब्रशनं झाडायचं, पूड कागदावर गोळा करून बाहेर टाकायची, पुन्हा आली की पुन्हा झाडायचं. मामींनी ते काम आपल्याकडे घेतलं. गिलावा पुन्हा चढला तो हिवाळा संपताना, चुन्याचा, कारण मामांनी ठरवलं होतं की पुन्हा पाणी आलं तर भिंतीला श्वास घेता आला पाहिजे. आणि पाणी आलंच. २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर चढला. त्या वेळी दुकान आधीच्या वेळेपेक्षा लवकर कोरडं झालं. गिलावा पाडावा लागला नाही.

२०१९ नंतर नदीकाठच्या गावांत बोटी आल्या, लाइफजॅकेटं आली, तरुणांना पोहायचं प्रशिक्षण मिळालं. नगरपालिकांच्या भांडारात पंप असतात. पंप पाणी रस्त्यावर आणून सोडतो आणि तिथे मदतकार्य संपलं असं सगळे धरतात. त्यानंतरचे दोन महिने माणसं कुबट वासाच्या खोल्यांत झोपतात, लहान मुलांना दमा लागतो, दुकानदार ओल्या भिंतीवर रंग मारून वर्षभरात तो पुन्हा मारतात. एखाद्या प्रभागात दहा-बारा पंखे, दोन-तीन डीह्युमिडिफायर, एक जनरेटर आणि दोन मीटर फिरते ठेवले, आणि ते लावायला गल्लीतली चार मुलं तयार केली, तर खर्च एका बोटीहून फार मोठा होणार नाही. यंत्रं वर्षभर पडून राहतील ही शंका मला नेहमी ऐकवली जाते. बोटीही पडूनच असतात. शिवाय गळक्या शाळा, ग्रंथालयं, तलाठ्यांच्या दप्तरखोल्या यांना ती दर पावसाळ्यात लागतील. गेल्या वर्षी सांगलीतल्या एका मंडळानं वर्गणीतून दोन पंखे आणि एक यंत्र घेतलं. नोंदवही मामांकडे असते. कुणी न्यायला आलं की ते आधी विचारतात, गाळ काढलात का, टाईल फोडल्यात का, खिडक्या बंद होतात का, आणि मग किल्ली देतात.